बादलीत सोडलेली नळी

कोमट खरकट्या पाण्याला एक विशिष्ट वास असतो. त्यात शिळ्या वरणाचा आंबूसपणा असतो, वितळून पुन्हा थिजू पाहणाऱ्या तुपाचा जडपणा असतो, आणि या सगळ्यावर साबणाच्या वडीतल्या कृत्रिम लिंबाचा खोटा उत्साह पसरलेला असतो. चैत्र सरत आलेला, लातुरात पानही हलत नाही अशी दुपार, आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून मी नव्याकोऱ्या डिशवॉशरचं दार उघडलं, तेव्हा तो वास वाफेसकट माझ्या चष्म्यावर येऊन बसला. चष्मा पदराला पुसला आणि पाहिलं. वरच्या जाळीत पेले लखलखत होते, ताटं अशी निर्मळ की त्यांत स्वतःचं तोंड बघायची लाज वाटावी. आणि तळाशी, त्या पोलादी खोलगट भागात, चांगलं चार बोटं राखाडी पाणी निवांत पसरलेलं होतं. त्यावर एक जिरं तरंगत होतं. यंत्राच्या कपाळावरचा हिरवा दिवा मात्र सगळं यथासांग पार पडल्याची ग्वाही देत शांतपणे जळत होता. मला रडू आलं. खरंच आलं, लपवू कशाला?

यंत्राच्या तळाशी पाणी साचलं म्हणून साठी ओलांडलेली बाई रडते काय, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. पण मी ते यंत्र भांडी घासण्यासाठी घेतलंच नव्हतं. माझ्या एकटीची भांडी ती किती! एक ताट, एक वाटी, एक पेला, तवा, चहाचं पातेलं आणि गाळणी. एवढ्याला मला दोन तांबे पाणी पुष्कळ होतं, आणि घासून होईतो रेडिओवरचं एक गाणंही संपत नाही. यंत्र घेतलं होतं आक्कासाठी. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. बिलोलीकडं दिलेली, भाऊजी गेल्यापासून नांदेडला मुलगा, सून आणि नात यांच्याजवळ असते. आमचे आईवडील केव्हाच गेले, चाकूरजवळच्या गावातलं घरही पडून गेलं, आणि आता मला लहानपणच्या नावानं हाक मारणारं या पृथ्वीतलावर एकच माणूस उरलं आहे. त्या माणसानं माझ्याजवळ येऊन राहावं, दोघींनी मिळून म्हातारं व्हावं, एवढी एक इच्छा मी गेली कितीतरी वर्षं उराशी धरून होते.

रोज संध्याकाळी आमचा फोन व्हायचा आणि रोज फोनच्या शेवटी मी म्हणायची, ये ना गं. त्यावर आक्काचं उत्तर ठरलेलं. "कमे, आले असते बघ. पण तुमच्या लातूरचं ते बोअरचं पाणी! दोन दिस भांडे घासले का हाताची सालपटं निघतेत. मला न्हाई सोसत." भांडी घासायला बाई लावते म्हटलं तर म्हणायची, बाईनं घासलेलं भांडं मला पुन्हा धुवावं लागतं, तो डबल कुटाणा कामून करू? आता माझा स्वभाव असा, की कुणी एखादं कारण सांगितलं की मी ते खरं धरते आणि दूर करायच्या मागे लागते. सगळी हयात सरकारी कचेरीत गेली. अर्ज आला, त्यावर हरकत आली, हरकत दूर केली की काम झालं, हे माझ्या रक्तातच भिनलेलं. आक्काची हरकत भांड्यांची होती. मग भांड्यांचाच बंदोबस्त करून टाकावा, की नाही? मी दुकानात गेले आणि यंत्र घेऊन आले. दुकानदारानं विचारलं, घरात माणसं किती? मी म्हणाले, दोन. बोलून गेल्यावर सबंध रस्ताभर त्या एका शब्दानं मला इतका आनंद झाला, काय सांगू!

इथं माझ्या घराविषयी थोडं बोलायला हवं. लातूर जिल्हा नवा झाला त्या दिवसांत मी नोकरीला लागले. उस्मानाबादेपासून नुकताच वेगळा निघालेला जिल्हा; कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून बोटाला लागायचा, टेबलं आलेली असायची तर खुर्च्या यायच्या असायच्या, आणि ट्रकांतून उतरलेले फायलींचे गठ्ठे व्हरांड्यात आपापल्या खात्याची वाट पाहत पडलेले. साऱ्या शहराला एक नवथर गडबड लागली होती. बदलून आलेली माणसं खोल्या शोधत हिंडत होती, तशी मीही हिंडले. घरमालकीण आधी बसायला सांगायची, मग गाव विचारायची, मग आडनाव. आणि आडनाव कळलं की खोली नेमकी कालच दिलेली असायची. अशा इतक्या खोल्या 'कालच' गेल्या की एके दिवशी उन्हात उभ्या उभ्या मी ठरवलं, आता भाड्याचं दार वाजवायचं नाही. बांधायचं. लग्नाचं बघायचं सोडून पोरगी घर बांधायला निघाली म्हणून नातलगांनी नाकं मुरडली, पण मी ज्वारीच्या रानातला एक तुकडा घेतला, आणि सुट्टीच्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन गवंड्यासमोर उभी राहून वीट न् वीट लावून घेतली. दारावर माझ्या नावाची पाटी लागली त्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर आईनं त्या पाटीवरून हात फिरवला होता. तिला अक्षर येत नव्हतं. आज भोवती सगळं शहर झालं, ज्वारी गेली. घर मात्र आहे तिथंच आहे. दोन खोल्या. त्यातल्या एकीला मी पहिल्यापासून 'आक्काची खोली' म्हणते, आणि त्या खोलीत आजवर फक्त गहू, ज्वारी आणि जुन्या गाद्या राहिल्या.

असो. यंत्र बसवायला कंपनीचा माणूस आला. मोठा घाईत होता बिचारा. त्यानं मागची पन्हळीदार नळी ओट्याखाली उंच अडकवली, तिचं टोक बेसिनखालच्या मोरीच्या पाइपात खोचलं, "मॅडम, हिला हात लावायचा नाही," असं बजावलं आणि निघाला. त्याची मोटारसायकल कोपऱ्यावर वळेपर्यंत मी सभ्यपणे दारात उभी राहिले. मग आत आले आणि नळी काढली.

हसू नका. मोरीत सोडायचं पाणी? लातुरात? आणि यंदासारख्या साली? ज्या शहराला एका उन्हाळ्यात आगगाडीनं पाणी आणून पाजावं लागलं, तिथली बाई डोळ्यांदेखत बादलीभर पाणी गटारात जाऊ देईल, हे कसं शक्य आहे? इतर गावांतली माणसं पाणी वापरतात. आम्ही पाणी फिरवतो. तांदूळ धुतलेलं भांड्यांना, भांड्यांचं फरशीला, फरशीचं संडासात, आणि त्यातूनही चार तांबे उरले तर कढीपत्त्याच्या बुडाशी. आमच्याकडं लग्न ठरवताना मुलाच्या नोकरीच्या आधी बोअरची खोली विचारतात असं मी गमतीनं म्हणते, पण ती गंमत किती आणि खरं किती हे माझं मलाही सांगता यायचं नाही. दुष्काळ संपतो, पाऊस येतो, धरण भरल्याची बातमी येते, तरी हाताची ही सवय जात नाही; आणि यंदा तर पाऊस आलाच नव्हता. नळ कधी येतील याचा नेम नाही, टँकरची वाट बघून मान दुखायची. तर मी मोठ्या दूरदृष्टीनं त्या नळीखाली बादली ठेवली. खाली ठेवली तर भरल्यावर उचलताना कंबर धरते, म्हणून आधी एक स्टूल मांडलं, स्टुलावर बादली, आणि पाणी उसळून इकडंतिकडं सांडू नये म्हणून नळीचं टोक थेट बादलीच्या तळापर्यंत घातलं. स्वतःच्या हुशारीचं मला फार कौतुक वाटलं.

मग आक्काला फोन केला. म्हटलं, भांड्यांची हरकत दूर झाली, आता बोल.  आक्का म्हणाली, "बरं. येते. आठ दिस राहून बघते." बघते म्हणजे काय बघते, हे मी विचारलं नाही. आक्काच्या खोलीतली ज्वारीची पोती त्याच दिवशी हलवली, गाद्यांना ऊन दाखवलं, खिडकीला पडदा शिवून घेतला. आठ दिवस म्हणजे परीक्षाच होती माझी. आणि पेपर होता तो यंत्राचा.

आक्का आली. पिशवीत शेंगदाण्याची चटणी, नातीनं काढलेलं चित्र आणि नांदेडच्या नळाचं पाणी भरलेली बाटली. ती बाटली मला जरा लागली, पण बोलले नाही. यंत्राभोवती तिनं एक प्रदक्षिणा घातली. "हे काय, बुटका फ्रीज हाय का?" मी तिला जाळ्या दाखवल्या, फिरणारे पंखे दाखवले, आपलं पाणी जड म्हणून यात मीठ घालावं लागतं तेही सांगितलं. "मीठ? भांड्यांना? कामून, चवीला?" म्हणून ती अशी हसली की मलाही हसू आवरेना. रात्रीची आणि सकाळची भांडी मिळून यंत्र भरलं, दार लावलं, बटण दाबलं. आत पाण्याचा फवारा सुरू झाल्याचा खळखळाट ऐकत आम्ही दोघी त्याच्यासमोर बसून राहिलो. आणि मग मी दार उघडलं, तो वास आला, आणि ते पाणी दिसलं. तो प्रसंग तुम्हाला सांगितलाच आहे.

आक्कानं वाकून पाहिलं. "हातानं धुतले असते तर एव्हाना वाळले असते," म्हणाली. एवढंच.  हीच जर पहिल्या दिवशीची कथा, तर आठव्या दिवशी काय होणार? मग मी कंबर कसली. यंत्रासोबत आलेलं पुस्तक काढलं. त्यात जगातल्या सगळ्या भाषा होत्या, मराठी सोडून. तळाची जाळी फिरवून बाहेर काढली, तिच्यात कढीपत्त्याचं पान, तुरीच्या डाळीची फोलपटं आणि लिंबाची बी निघाली. वाटलं, सापडला चोर! घासून पुसून जाळी बसवली, यंत्र पुन्हा चालवलं, पुन्हा तळाशी पाणी. नळी कुठं दुमडली आहे का म्हणून भिंतीला गाल लावून बॅटरीच्या उजेडात पाहिलं, नळी सरळसोट. कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीनं अतिशय गोड हिंदीत माझी क्षमा मागितली, पुन्हा मागितली, आणि लातूरचा माणूस रजेवर आहे, तो आला की येईल असं सांगून तिसऱ्यांदा मागितली. क्षमेनं पाणी जातं होय? मी वाटी घेऊन ते खरकटं पाणी उपसायला बसले, राहिलेलं फडक्यानं टिपून घेतलं, आणि इतकी चिडले होते की फडकं पिळताना त्या यंत्राला उद्देशून दोनचार शब्द बोलले. ते इथं लिहीत नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, "सरक." आक्कानं निऱ्या खोचल्या होत्या. मागच्या अंगणात सावलीला तीन घमेली मांडली तिनं. एकात साबणाचं पाणी, दुसऱ्यात पहिल्या धुण्याचं, तिसऱ्यात निवळ. दुष्काळातली आमच्या सगळ्या वस्तीची पद्धत. घासायला ती बसली, विसळायला मी. मी म्हटलं, अगं तुझे हात! तर म्हणाली, "हाताला काय होतंय, तू हो पुढं." आणि घासू लागली. काय ते घासणं! पातेल्याचा काठ, झाऱ्याची छिद्रं, पेल्याची कड, कशालाही सुटका नाही. आणि तोंडाचा पट्टा चालूच. गावाकडं आम्ही दोघी चुलीतली राख आणून भांडी घासायचो, तेव्हा मी राखेत बोट बुडवून तिला मिशा काढल्या होत्या; ते तिला आठवलं. तिच्या लग्नात मी रुसून कडब्याच्या गंजीआड जाऊन बसले होते आणि सगळी वरात मला शोधत होती. ते मला आठवलं. माझ्या कचेरीतल्या एका साहेबाची नक्कल मी करून दाखवली, जो सही करण्याआधी पेनाला नमस्कार करायचा. आक्का हसता हसता घमेल्यावर कलंडली आणि सगळं निवळ पाणी सांडलं. शेजारीण भिंतीवरून डोकावली. "ताई, कोण आलंय? तुमच्या घरातून हसण्याचा आवाज कधी ऐकला न्हाई," असं म्हणाली. साधं बोलणं, पण मला एकदम उभ्या उभ्या कुणी आरशासमोर नेऊन सोडल्यासारखं झालं. खरंच की! या भिंतींनी माझं बोलणं ऐकलं असेल फोनवरचं, खोकणं ऐकलं असेल, पण हसणं?

पुढचे दिवस असेच गेले. सकाळी जेवणं झाली की अंगणात घमेली मांडायची, सावली सरकेल तशी आम्हीही सरकायचं. घासून झालं की पहिल्या घमेल्यातलं पाणी कढीपत्त्याला, दुसऱ्यातलं पहिल्यात, तिसऱ्यातलं दुसऱ्यात. ओल्या भांड्यांची चळत उन्हात मांडून आम्ही दोघी उंबऱ्यावर बसायचो आणि चहा व्हायचा. मी सुखात होते. आता हे किती सरळ दिसतं! पण माणसाला सुख अंगावर आलेलं असतं तेव्हा ते ओळखू येतंच असं नाही. त्याचं चित्त कुठंतरी भलत्याच कामात गुंतलेलं असतं. माझं चित्त त्या यंत्रात होतं. आक्का साबणाच्या पाण्यात हात घालून बसली आहे आणि मी विसळते आहे, तरी मनात एकच: हे दुरुस्त झालं नाही तर ही जाणार. रोज मी काही ना काही करून बघायची. गरम पाणी ओतून बघितलं, लिंबू पिळून बघितलं, जाळीशिवाय चालवून बघितलं. यंत्र पाणी बाहेर टाकताना मी कान देऊन ऐकायची. पाणी जात होतं, धो धो जात होतं. आणि दार उघडलं की तळाशी पुन्हा ते होतंच. गेलेलं पाणी येत कुठून होतं?

एका दुपारी आक्का आडवी झाली होती. मी रिकामंच यंत्र चालवलं आणि यंत्राकडं न बघता पाठीमागं, भिंतीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसले. यंत्र थांबलं. सगळीकडं सामसूम. आणि त्या सामसुमीत एक बारीकसा आवाज झाला. घुटुक. मग पुन्हा, घुटुक. कुणीतरी हळूच घोट घ्यावा तसा. मी बादलीकडं पाहिलं. बादलीच्या आतल्या बाजूला फेसाची एक कड चिकटलेली होती, आणि पाणी त्या कडेच्या खाली होतं. बघता बघता आणखी खाली गेलं. बादली कुठं गळत नव्हती, स्टूल कोरडं होतं, आणि पाणी कमी होत होतं!

तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि पाठोपाठ शरमही वाटली. अहो, लातुरात राहून मला हे कळू नये? त्या भीषण उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी खालच्या पिंपात उतरवायला आम्ही सगळ्यांनी नळीला तोंड लावून ओढलेलं आहे. गढूळ पाण्याचा पहिला घोट तोंडात आल्याशिवाय नळी चालू व्हायची नाही. नळीचं एक तोंड वरच्या पाण्यात बुडालेलं असलं आणि दुसरं खाली असलं, की वरचं पाणी आपल्या पायानं खाली येतं, त्याला ढकलावं लागत नाही. माझी बादली स्टुलावर, यंत्राचा तळ जमिनीलगत, आणि नळीचं टोक मी स्वतःच्या हातानं बादलीच्या बुडापर्यंत खोचलेलं. यंत्र बिचारं इमानेइतबारे पाणी बाहेर टाकत होतं, आणि माझी बादली ते नळीवाटे त्याला परत पाजत होती. एवढाच तो सगळा घोळ! मी स्टूल काढलं, बादली जमिनीवर ठेवली. जुन्या परकराची नाडी घेऊन नळी ओट्याखाली जेवढी उंच बांधता येईल तेवढी बांधली, आणि तिचं टोक बादलीच्या काठावर असं अडकवलं की पाणी वरून पडेल, पण टोक पाण्याला शिवणार नाही. यंत्र चालवलं. दार उघडलं. तळ कोरडा, चकचकीत, जिऱ्याचा दाणाही नाही. "आक्का!" मी ओरडले, "आक्का, ऊठ, झालं!"

ती डोळे चोळत आली. वाकून आत बोट फिरवलं, बोट कोरडं निघालं. "झालं की गं," म्हणाली. आणि जाऊन पुन्हा पडली. मला वाटलं, झोपेत आहे, नीट समजलं नसेल.

त्यानंतर घरात शांतता आली. जेवण झालं की आक्का सवयीनं आपलं ताट उचलायची, आणि मी मोठ्या प्रेमानं ते तिच्या हातातून काढून घ्यायची. ठेव गं, मशीन आहे ना! भाजी चिरायला बसली की म्हणायची, तू बस, मी करते. आयुष्यभर केलंस, आता आराम कर. ती हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसायची. खिडकीतून रस्ता बघायची. यंत्र घरघरत राहायचं आणि आम्ही त्याची घरघर ऐकायचो. एकदा तिनं विचारलं, "कमे, चहा टाकू का?" टाकू का! जिनं मला दूधभात भरवला, ती माझ्या घरात चहासाठी परवानगी मागत होती. मी उत्साहानं म्हणाले, तू कशाला, मीच करते की. तिचा चेहरा मला दिसला होता, पण मी तो वाचला नाही. प्रेम करणाऱ्या माणसाइतकं आंधळं आणि बहिरं दुसरं कोण असतं?

एका संध्याकाळी पाहते तर ती लुगड्यांच्या घड्या घालत होती. उद्या जाते, म्हणाली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, अगं का? आता काय अडलं? भांड्यांचं तर झालं सगळं! तिनं हात पुढं केले. तळवे वळवून दाखवले, बोटं पसरून दाखवली. इतके दिवस तिनं त्याच बोअरच्या पाण्यात भांडी घासली होती, आणि कुठं सालपट सुटलेलं नव्हतं. "हाताचा बहाणा होता, कमे," ती म्हणाली. "तू दर वेळी विचारायलीस, मला 'न्हाई' म्हणवत नव्हतं. तिथं नात शाळेतून आली का मीच दार उघडते. सून भाजी माझ्यापुढं टाकते, कधी तोंड वाकडं करून टाकते, पण टाकते. तिथं लई कटकट हाय, पण तिथं मी लागते गं. इथं तू मला पाटावर बसवून ठेवलीस. भांडे होते तवर बरं होतं. आता मी करू काय? त्या मशीनकडं बघत बसू?"

 मी तिच्यासमोर पलंगावर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा जे होतं ते बोलले. म्हटलं, आक्का, मला एकटीला करमत नाही. दिवस कसाही जातो, पण संध्याकाळ खायला उठते. टीव्ही लावून ठेवते, माणसांचे आवाज यावेत म्हणून. ताप आला तर आधी दाराची कडी काढून ठेवते, की कुणाला फोडावं लागू नये. तू राहा. काम कर, भांडी घास, मला शिव्या दे, पण राहा. बोलता बोलता मला हुंदका आला, आणि आक्कानं माझं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या हाताला साबणाचा नव्हे, शेंगदाण्याचा वास येत होता.  मग ती हळूच म्हणाली, "मग असं कर ना. तूच चल नांदेडला. पोराला मी सांगते. आमच्या गल्लीत दोन खोल्या रिकाम्या हायत, मालक आपलाच माणूस हाय, आडनाव विचारणार न्हाई. गोदावरीचं पाणी हाय. सकाळ-संध्याकाळ मी तुझ्याकडं. चल."

मी मान वर केली. 'येते' हा शब्द माझ्या ओठांवर होता, शपथेवर सांगते, होता. इतकी वर्षं जे हवं होतं तेच तर ती देऊ करत होती. फक्त गाव बदललेलं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "मी आले आणि इकडं नळ आले तर? पाणी कोण भरंल?"

आक्का माझ्याकडं बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं. मलाही फुटलं. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, माझा श्वास अडकला, आणि मग दोघी एकदमच थांबलो. तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं. नळ काय, शेजारीण भरून घेईल. पण दारावरची ती पाटी, उन्हात उभं राहून लावून घेतलेल्या त्या विटा, यांना कुलूप लावून मी दुसऱ्याच्या खोलीत राहायला जाणार नव्हते, अगदी आक्कासाठीही नाही. आणि ती नातीसाठी उघडायचं दार सोडून माझ्याकडं येणार नव्हती. तिनं मला दोष दिला नाही. उलट माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. घर मोठ्या जिकिरीनं बांधलंस तू."

दुसऱ्या दिवशी तिला स्टँडवर सोडायला गेले. अहमदपूरवरून जाणारी नांदेडची बस लागली होती. खिडकीची जागा मिळाली तिला. मी खाली उभी. इंजिन सुरू झाल्यावर ती म्हणाली, गुडघ्याला तेल लावत जा. मी म्हणाले, तूही जप. कंडक्टरनं बेल मारली आणि बस निघून गेली.

रोज संध्याकाळी फोन अजूनही होतो. तिकडचं ऊन, इकडचा टँकर, नातीचे गुण, भाजीत मीठ जास्त पडलं ते, सगळं बोलून होतं. बोलणं संपत आलं की पूर्वी मी म्हणायची, ये ना गं, आणि ती हातांचं सांगायची. आता मी म्हणत नाही, म्हणून तिलाही काही सांगावं लागत नाही. त्या जागेवर आलो की आम्ही दोघी थोडा वेळ नुसत्या फोन कानाला लावून बसतो, आणि मग आक्का म्हणते, ठेवते.